मैनाचा केशलोच

चाळणीवर राहिलं ते असं: चांदीच्या तारेचे सत्तावीस तुकडे, तीन सुट्या कड्या, दोन घुंगरं (त्यातलं एक चेपलेलं), आगपेटीच्या चार काड्या आणि केस. केस मी चिमट्यानं एकेक उचलून पांढऱ्या कागदावर ओळीनं लावले. एकशे चौदा भरले.

आमचं गाव चांदीकामाचं. खालच्या मजल्यावर पैंजणांचा कारखाना, वर आम्ही. असल्या घरात केर कुणी बाहेर टाकत नाही. आठवड्याचा केर डब्यात साठवतात, शनिवारी चाळतात आणि निघालेली चांदी पुन्हा आटवतात. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मी नुकतीच प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, पुढच्या प्रवेशाची वाट बघत घरी बसले होते, म्हणून आण्णांनी चाळणी माझ्या हातात दिली होती. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, आदगोंडा. कारखाना त्यांचा, घर त्यांचं आणि घरातला शब्दही त्यांचा. माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ. आण्णा बोलायचे आणि बाबा मान हलवायचे.

"केस कशाला मोजालीस गं?" काकीनं विचारलं. "कंगव्याचं असतील."

"कंगव्याचे नाहीत, काकी."

मी चांदीच्या सांध्यांचा डाक तपासायचं भिंग घेतलं. आपसूक गळालेल्या केसाच्या मुळाशी पांढरी, कोरडी गाठ असते, टाचणीच्या टोकाहूनही लहान. या केसांची मुळं काळपट होती, वाकलेली होती आणि त्यांच्यावर पारदर्शक, ओलसर आवरण होतं. वाढत असलेला केस ओढून काढला की मूळ असं दिसतं. एकशे चौदांपैकी एकशे नऊ तसे होते. सगळे एकाच लांबीचे, एकाच जाडीचे. तसली मुळं मी पूर्वी पाहिलेली होती.

"हे मैनाचे आहेत," मी म्हटलं. मैना म्हणजे आण्णांची मुलगी, तेरा वर्षांची. "ती उपटतेय."

काकी घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं दार लोटलं आणि माझ्याजवळ बसली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. आनंद म्हणावा तसलं.

"आण्णांना ठाऊक हाय," ती हळूच म्हणाली. "ते म्हणतात, संस्कार हायत. पूर्वजन्मीचे."

"कसले संस्कार?"

"केशलोचाचे."

आमचे दिगंबर साधू आणि साध्वी डोक्याचे केस हातानं उपटून काढतात. वस्तरा नाही, कात्री नाही. बोटांना राख लावतात आणि झुपक्या-झुपक्यानं ओढतात. त्या दिवशी उपास असतो. यालाच केशलोच म्हणतात आणि तो बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, सगळ्यांच्या समोर होतो. लहानपणापासून मी तो पाहत आले होते. पाहताना नेहमी माझंच डोकं आखडायचं.

"माताजी आल्यात न्हवं बस्तीत," काकी म्हणाली. "येत्या रविवारी त्यांचा केशलोच हाय. त्याच वेळी मैनाला आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत द्यायचं आणि त्यांच्या संघाबरोबर धाडायचं, असं आण्णांनी ठरवलंय. शाळेतनं नाव काढायला सांगितलंय."

खालून मशीनचा आवाज येत होता. मी कागदाची घडी घातली. मला मैनाची काळजी वाटली, हे खरं. पण आधी काय वाटलं ते सांगते: मला आण्णा सापडले, असं वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तीन बायका आल्या. मैना पांढरी ओढणी घेऊन पाटावर बसली होती. बायका तिच्या पाया पडल्या. तिसरी तर तिच्या आईच्या वयाची होती. मैना पाय मागं घ्यायला लागली तर आण्णा म्हणाले, "राहू दे, राहू दे. घेऊ दे त्यांना पुण्य."

बायका गेल्यावर मी कारखान्यात उतरले. आण्णा तराजूपाशी होते आणि भोवती चार कारागीर.

"आण्णा, मैनाला आजार आहे," मी म्हटलं. "पुष्कळ जणांना असतो. त्याला नाव आहे, उपचार आहेत. मिरजेला एक डॉक्टर बाई आहेत, त्या..."

"ऐका!" आण्णा कारागिरांकडं वळले. "बी.एस्सी. झाली, आता मला आत्मा शिकवणार." मग माझ्याकडं बघून, "बेडकं कापलीस न्हवं तीन वर्षं? एकात तरी सापडला काय गं आत्मा?"

कारागीर हसले. बाबा कोपऱ्यात तार ओढत होते. त्यांनी मान हलवली, नेमकी कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"बेडकात नाही सापडला," मी म्हटलं. "माणसात शोधते आता."

"जा वर. पोळ्या लाट."

मी वर गेले आणि पोळ्या लाटल्या. लाटता लाटता ठरवलं, की आण्णांना जिथं सगळ्यात जास्त मान मिळतो तिथंच गाठायचं.

*

मैना मला दुपारी गच्चीवर सापडली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती गणितं सोडवत होती. ओढणी बाजूला पडली होती. टाळूवर पुरीएवढी जागा मोकळी होती. अगदी मोकळीही नव्हे: चाई पडली की कातडी गुळगुळीत होते, इथं मात्र खुंट होते, काही तांदळाएवढे, काही त्याहून लांब, सगळे वेगवेगळ्या उंचीचे. डावा हात वहीवर होता. उजवा वर गेला होता. बोटं केसांतून फिरत होती, एक राठ केस शोधत होती. मी बोलले नाही. बोटांना तो सापडला. एक झटका. मैनानं मूळ ओठांवरून फिरवलं आणि पुढचं गणित लिहिलं.

"मैना."

ती दचकली. "काय?"

"आत्ता काय केलंस?"

"लसावि काढला." मग तिला आपल्या बोटांतला केस दिसला. तिचा चेहरा उतरला. "ताई, हात कधी जातो ते कळतच न्हाई बघ. गणिताला बसलं की जातो. टीव्ही बघताना जातो."

"दुखतं?"

"न्हाई. बरं वाटतं. एकदम हलकं. मग थोड्या वेळानं लई वाईट वाटतं."

"तुला माताजींबरोबर जायचंय?"

तिनं पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपलं. "मला स्कॉलरशिपला बसायचंय," ती म्हणाली. "पण आण्णा आता माझ्या ताटात स्वतः तूप वाढतात. आधी माझ्याकडं बघायचे पण न्हाईत. तू सांगू नको हं त्यांना, मी न्हाई म्हणाले म्हणून."

"नाही सांगत. मी फक्त माताजींना प्रश्न विचारणार. त्यांनी तुला काही विचारलं तर?"

"माताजींसमोर खोटं कसं बोलायचं?"

"मग झालं तर."

"ताई," ती म्हणाली, "तुला हे सगळं कसं ठाऊक?"

"पुस्तकात आहे," मी म्हटलं.

*

रविवारी बस्तीचं आवार भरलं होतं. मांडव, सतरंज्या, एका बाजूला बायकांची स्तवनं. माताजी लाकडी पाटावर बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, सत्तरीच्या, डोळे मात्र समोरच्याला जागच्या जागी थांबवतील असे. पूर्वाश्रमी त्या कुठल्याशा शाळेत शिकवायच्या, असं ऐकलं होतं. वाटीतली राख बोटांना लावून त्या केस उपटत होत्या. घाई नाही, थांबणं नाही. कानशिलाशी आल्या तेव्हा त्यांच्या मानेची शीर ताठली. स्तवनं चढत गेली. मी डोळे मिटले नाहीत.

संपल्यावर आण्णांनी माइक घेतला. आवारातल्या कुठल्याही कार्यक्रमात माइक आण्णांकडं यायचाच.

"आज आपल्या गावाचं भाग्य थोर," ते म्हणाले. "माताजींचा केशलोच आपण पाहिला. पण मंडळी, माझ्या घरात एक जीव असा जन्माला आलाय, की ज्याला कुणी शिकवलं न्हाई, सांगितलं न्हाई, अन् तो आपोआप लोच करतोय!" त्यांनी मैनाला पुढं आणलं आणि स्वतःच्या हातानं तिची ओढणी मागं सारली.

लोकांतून 'अहाहा' असा आवाज निघाला. मागच्या बायका उठून बघायला लागल्या. मैना खाली बघत होती. तिचा उजवा हात निम्म्यापर्यंत वर आला आणि थांबला.

मी उभी राहिले. "माताजी, वंदामि. एक विचारू?"

आण्णांनी माइकवर हात ठेवला. "खाली बस, चेलना."

"विचारू दे," माताजी म्हणाल्या. "कुणाची गं तू?"

"यांच्या धाकट्या भावाची. माताजी, केशलोच करताना दुखतं का?"

कुणीतरी दबक्या आवाजात "काय ही पोरगी!" म्हणालं. माताजींनी राखेचा हात पुसला. त्या मात्र रागावल्या नाहीत. शाळेत असतील तेव्हा अशा पोरी त्यांना आवडत असाव्यात.

"दुखतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली. दर वेळी दुखतं."

"आणि केस उपटला, हे कळतं?"

"प्रत्येक कळतो. कळण्यासाठीच तर करायचा. नकळत झालं तर त्यात तप कुठलं?" बोलता बोलताच त्यांची नजर मैनाकडं वळली. मला पुढं काही विचारावं लागलं नाही. "बाळ, इकडं ये. तुला दुखतं?"

मैनानं आण्णांकडं पाहिलं. मग माताजींकडं.

"न्हाई," ती म्हणाली. "बरं वाटतं."

"किती केस काढलेस आज?"

"ठाऊक न्हाई. हात आपला आपण जातो."

"शाळेत कितवीला?"

"सातवीत होते. आता न्हाई जात. स्कॉलरशिपचा फॉर्म भरला होता."

माताजींनी मोरपिसांची पिंछी उचलून तिच्या डोक्यावर हलकेच ठेवली आणि आण्णांकडं वळल्या. "आदगोंडा, ही पोर दुःखात आहे. हिला डॉक्टरांकडं ने. उद्यापासून दप्तर दे. व्रत मी देणार नाही. जे हिला कळतच नाही ते मी हिच्याकडून कसं घेऊ? आणि पुन्हा हिला कुणाला पाया पडू देऊ नकोस."

आण्णांच्या हातात माइक चालूच होता. चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, आत. मी तो श्वास पुरता ऐकला. आज बारा वर्षांनीही तो मला हवा तेव्हा ऐकू येतो, आणि मी तो अधूनमधून ऐकते.

*

घरी आल्यावर आण्णांनी दार लावलं. काकी मैनाला आत घेऊन गेली. बाबा भिंतीशी उभे राहिले.

"भर बस्तीत नाक कापलंस माझं," आण्णा म्हणाले. "माझ्या घरात खाऊन."

"मी फक्त दोन प्रश्न विचारले."

"कसला राग काढलास? बोल ना! काय वाईट केलं मी तुझं?"

ते खरंच विसरले होते. मला ते अपेक्षित नव्हतं. आठ वर्षं मी ज्याच्यावर जगले, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"मी तेरा वर्षांची होते," मी म्हटलं. "इथंच. हेच स्टूल. माझ्या टाळूवर अशीच जागा पडली होती. तुम्ही काय म्हणालात? घाण सवय. मला स्टुलावर बसवलंत आणि डोक्यावरून मशीन फिरवली. बाहेरचं दार उघडं ठेवायला लावलंत. चार लोक बघू देत, लाज वाटली की सुटेल, म्हणालात. दुसऱ्या दिवशी शाळेत धाडलंत."

आण्णांची नजर स्टुलाकडं गेली.

"तेव्हा पूर्वजन्म कुठं गेला होता, आण्णा? मी उपटले तर घाण, आणि तुमच्या मुलीनं उपटले तर पुण्य?"

"ती गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? केस तेच. मूळ तेच. भिंगातून दाखवू?"

"सुटली न्हवं तुझी सवय?" ते म्हणाले. आवाज उतरला होता. "केस बघ किती चांगले हायत आता."

"मशीननं नाही सुटली. मी जागा बदलली. तुम्हाला दिसणार नाहीत तिथले उपटत होते, पाच वर्षं. पायांचे. हातांचे. कॉलेजात गेल्यावर एका बाईंनी शिकवलं, तेव्हा थांबलं."

आण्णांनी बाबांकडं पाहिलं, नेहमीसारखं. बाबांनी या वेळी मान हलवली नाही.

*

मिरजेला मैना, काकी, आण्णा आणि मी गेलो. डॉक्टर बाईंनी मैनाशी एकटीशी बराच वेळ बोलून घेतलं, मग आम्हाला आत बोलावलं.

"ही घाण सवय नाही आणि वैराग्यही नाही," त्या म्हणाल्या. कुणी सांगितलं होतं त्यांना, कोण जाणे. "हात कधी वर जातो ते हिला आधी कळलं पाहिजे. कळलं की मूठ घट्ट मिटायची, ओढ ओसरेपर्यंत, साधारण मिनिटभर. अभ्यासाला बसताना बोटांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे केस नीट पकडता येत नाही. आणि घरातल्या एकानं जवळ बसायचं. रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही. हात वर गेला की एकच शब्द म्हणायचा: 'हात'. आणि हिच्याबरोबर स्वतःही मूठ मिटायची."

"मी कशाला मूठ मिटू?" आण्णांनी विचारलं.

"एकटीला करायला लावलं तर ती शिक्षा वाटते. संध्याकाळी जवळ कोण बसू शकेल?"

काकी तोंड उघडत होती. मी तिच्या आधी बोलले.

"आण्णा," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत आण्णा खिडकीतून बाहेर बघत राहिले. सोमवारी संध्याकाळी ते मैनाच्या शेजारी सतरंजीवर बसले. समोर मी. मला तिथं बसायची काही गरज नव्हती. तरी रोज बसत होते.

पहिल्या संध्याकाळी मैनाचा हात वर गेला आणि आण्णा सुरू झाले, "अगं पोरी, किती वेळा सांगायचं, एवढं शिकून..."

"आण्णा," मी म्हटलं, "एकच शब्द."

त्यांनी ओठ मिटले. मान खाली घातली. "हात," ते म्हणाले. दोघांनी मुठी मिटल्या. आण्णांच्या मनगटावरची शीर उठली. कारागीर घरी जायला निघाले होते. त्यातला शिवगोंडा दारात थांबला. "मालक, समाधी लावलीया काय?"

आण्णांना उत्तर देता येत नव्हतं. मिनिट संपायचं होतं. मी शिवगोंडाला हसू दिलं.

असं रोज. सूचना द्यायची सवय असलेला माणूस पोरीच्या गणितापाशी गप्प बसायला शिकला. आधी आधी 'हात' हा शब्द त्यांच्या तोंडून खडा फेकल्यासारखा यायचा. नंतर हळू यायला लागला. मग कधी कधी यायच्या आधीच मैना मूठ मिटायची आणि आण्णांची मूठ तिच्यामागून मिटायची. मी मात्र सैल सोडलं नाही. दर रविवारी मी तारेची जाडी मोजायची पट्टी आणायचे आणि उगवलेला केस मोजायला लावायचे. मोजायचं आण्णांनी, वाचायचंही त्यांनीच, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. लिहून ठेवायचं माझ्याकडं होतं.

स्कॉलरशिपच्या सराव परीक्षेच्या आठवड्यात मैनानं कानामागचे केस उपटले. आण्णा ते सांगायला स्वतः माझ्याकडं आले. चेहरा राखेसारखा झाला होता. "त्या दिवशी मी आटणीपाशी होतो," ते म्हणाले. "माझं लक्ष न्हवतं."

"मग उद्यापासून ठेवा," मी म्हटलं.

सोळाव्या रविवारी मैना खिडकीपाशी उजेडात पाठमोरी बसली. आण्णांनी चष्मा लावला. माझा पुढचा प्रवेश झाला होता आणि मी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघणार होते. काकीनं बॅग दारात आणून ठेवली होती. आण्णांनी एका हातानं भांग पाडला, केस सरळ धरला आणि पट्टीचा सरकता भाग जवळ आणला. मग तसेच थांबले.

"चेलना," ते म्हणाले. त्यांचं बोट मैनाच्या टाळूवरच होतं. "तुझ्या येळंला मी... त्या दिवशी..."

पुढं काय येणार ते मला कळलं. आठ वर्षं त्याची वाट बघितली होती. आणि ते शब्द मी त्यांना बोलू द्यायचे नाहीत, हे त्याच क्षणी मला पक्कं ठाऊक झालं.

"आण्णा," मी म्हटलं. "आकडा वाचा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी वही उघडली आणि पेनचं टोपण काढलं. त्यांनी चष्मा वर सारला, पुन्हा वाकले.

"टाळूवर एकोणचाळीस मिलिमीटर," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "कानामागं अकरा."